मुळाची डॉक्टरीण

चहाचे कप आधी खाली ठेवा, मग सांगते. सांडला तर मी जबाबदार नाही!

तर मी डॉक्टर आहे, पण गणिताची. पीएच.डी. मूळ संख्यांवर. सिंदी रेल्वे या आमच्या गावात घरी बसून विद्यापीठातल्या पोस्टडॉकची वाट बघत होते. पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतरची दोन वर्षांची संशोधनाची नोकरी. आधीच्या मुलाखतीत एक साहेब म्हणाले, "सामान्य माणसाला समजेल असं सांगा." मी तोंड उघडलं आणि त्यांनी जांभई दिली. झालं, गेली नोकरी! यावेळीही गेली असती, तर संशोधनाला रामराम ठोकून शिकवण्याच घ्यायच्या होत्या. रडूच यायचं हो विचारानं.

म्हणून शेजारच्या काकांना गाठलं. "काका, उद्या मुलाखत आहे. एखादा साधा माणूस पाठवा ना. माह्यं मुळाचं काम त्याले समजावून पाहतो म्हटलं."

काका खूश. "अवं, पाठोतो ना! एक जण लई दिवसाचा हैरान आहे."

मला वाटलं, गणितानं हैराण असेल. कोण नसतं?

संध्याकाळी भाऊराव आले. कापसाचा ट्रक हिंगणघाटच्या जिनिंग गिरणीला नेणारे, चांगले साठीचे. मी खुर्ची पुढे केली.

"नाई, नाई. उभाच बरा."

बघा! गणिताबद्दल केवढा हा आदर! मला भरून आलं.

"मॅडम, तुमी मुळाचंच पाहता ना?"

"फक्त मुळाचंच! त्यातच तर डॉक्टर झाले मी."

"मंग... सुटते का हे?"

"थोडंफार सुटलंय, भाऊ. पण मुख्य भानगड दोन हजार वर्षांपासून तशीच आहे."

भाऊरावांनी भिंतीचा आधार घेतला. "कोनालेच नाई जमलं?"

"मोठमोठ्यांनी हात घातला!"

"अरे देवा!"

माणूस रंगलाय म्हटल्यावर मी कशाला थांबते? "पुढे पुढे ते विरळ होत जातात, पण संपत म्हणून नाहीत. आणि गंमत म्हणजे, कधी कधी जोडीनं येतात!"

"जोडीनं?" भाऊरावांचा हात आपोआप मागे गेला.

"हो ना! माझं सगळं काम त्या जोड्यांवरच आहे. आता तर कॉम्प्युटरवर इतके मोठे मोठे काढतात..."

"काम्पुटरवर काढते? दुखत नाई?"

"दुखेल कशाला? या इकडे, आत्ता करून दाखवते."

"इथंच?" ते दाराकडे सरकले. "नाई मॅडम, मायबहिनीसमोर कसं... तुमी मुळव्याधीचं औषध तेवढं सांगा, मी चाललो."

मुळव्याध!

आत स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. आई होती. हसून हसून तिच्या हातातलं पातेलं सुटलं होतं. आणि मी? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काकांनी "डॉक्टर" ऐकलं, "मूळ" ऐकलं आणि उरलेलं स्वतः जुळवलं. पण मी तरी काय वेगळं केलं होतं?

माफी मागितली, सेलूच्या खऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं. भाऊराव बिचारे चिडले नाहीत. उलट जाता जाता विचारतात, "मंग संख्येले मूळ काऊन म्हनता?"

लाजेनं माझी सगळी मोठी मोठी वाक्यं पळाली होती. म्हटलं, "सात भाकरी घ्या भाऊ. न मोडता सारख्या वाटायच्या, तर खाणारा एकटा पाहिजे, नाहीतर सात जण. मधे काही जमतच नाही. असे आकडे म्हणजे मूळ संख्या."

"हे सांगा ना मंग!" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तेच सांगितलं. कुणी जांभई दिली नाही. महिन्याभरानं पत्र आलं, नोकरी मिळाली!

पेढे घेऊन पहिली भाऊरावांकडे पळाले. ते आता खाटेवर आरामात टेकून बसलेले.

"पक्की नोकरी ना, मॅडम?"

"नाही हो. दोन वर्षांची. मग संपते. मग दुसरी शोधायची, ती पण संपते."

"अन् काम बसूनच?"

"दिवसभर."

भाऊरावांनी अर्धा पेढा तसाच हातात धरला, माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की विचारू नका. म्हणाले, "मी त बरा झालो पोरी. पन तुले झालं ना हे! बसून बसून होते, गेलं म्हनता म्हनता परत येते, अन् चारचौघात सांगता येत नाई!"