पट्टा मारलेला बिजा

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत रुमालाकडे जातो. तळव्याला काहीतरी चिकटून राहिलंय, असं वाटत राहतं.

माझी नेमणूक तेव्हा अहेरी उपविभागातल्या एका लहान ठाण्याला होती. नावं घेणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना आता त्रास नको. चैत्र संपत आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत बसलो होतो, तेवढ्यात समोरचा चहावाला न बोलावता चहा घेऊन आला. हा गडी न मागता चहा आणतो तेव्हा चहाबरोबर बातमी असते, हे मला पाठ झालं होतं.

"साहेब, वरच्या जंगलात देवापासच्या बिजाले रक्त लागून आहे जी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अन् तिथला रखवालदार परवापासून घरी नाई आला."

बिजा म्हणजे बाकीचे लोक ज्याला बिबळा म्हणतात ते झाड. इमारती लाकडासाठी इतकं तोडलं गेलं, की जुना, कवेत न मावणारा बिजा आता शोधावा लागतो. वनखात्याच्या संशोधनवाल्यांनी उरलेल्यांतले काही हेरून त्यांच्या बुंध्याला पांढरा पट्टा मारला होता. त्यांचं बी गोळा करून रोपं करायची होती. रखवालदार म्हणजे त्या झाडांची राखण करणारा, जंगलालगतच्या गावचा रोजंदार वनमजूर.

माझा चहा संपायच्या आत त्याची बायको ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसली. रडत नव्हती. मी विचारलं, "घरी भांडण झालं होतं का बाई?"

"नाई जी. जेवून गेल्ते. कुऱ्हाड घेऊन गेल्ते." मग थोडं थांबून म्हणाली, "साहेब, जित्ता हाये का मेला, तेवढं सांगा. बाकी मले काई नाई पाह्यजे."

ठाणे अंमलदाराला मिसिंग दाखल करायला सांगून मी निघालो. आमच्या भागात बाहेर पडायचं म्हणजे हत्यारी जवानांची पार्टी घेऊन, पायी, आणि सुरुंगाच्या भीतीनं रस्ता सोडून. पोचेपर्यंत भर दुपार झाली. जंगलात सातभाई पक्षी माणसाच्या मागे मागे कलकलाट करत फिरतात. त्या दिवशी देवाजवळ आलो तसे ते मागेच राहिले. शेंदूर फासलेले दगड, त्यांच्यामागे तो बिजा, आणि वारा अजिबात नाही.

बुंध्यावर छातीच्या उंचीला जिथं पट्टा असायला हवा होता, तिथं सालच नव्हती. त्या जागेतून लाल ओघळ मुळांपर्यंत उतरले होते. काही वाळून काळे पडले होते, काही ओले होते, आणि एक तर आमच्या डोळ्यांदेखत सावकाश खाली सरकत होता. त्या लालीत माणसाच्या हाताचे ठसे होते. सगळे एकाच हाताचे, डावे, घट्ट दाबलेले. जखमेवर हात दाबून धरतात तसे. खाली गडीमाणसं खांद्यावर टाकतात तसा एक दुपट्टा पडला होता, लालेलाल.

आणि शेजारच्या धावड्याच्या बुंध्यावर पांढरा पट्टा होता. ताजा, बोटाला लागेल असा.

माझा हवालदार मुरलेला माणूस, गोळीबारातही मान न हलवणारा. त्यानं टोपी काढली. "पट्टा उठून शेजारी गेला साहेब," तो म्हणाला. गावातून आणलेले पंच हात जोडून लांब उभे राहिले. त्यांच्यातला म्हातारा पुटपुटला, "झाडानं माणूस घेतला." खोटं कशाला बोलू, माझ्याही पाठीवर काटा उभा राहिला. पण पोलिसाला काटा आला तरी पंचनामा चुकत नाही.

खाली बसून लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की माझ्या कानाशी काहीच गुणगुणत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी एवढं रक्त सांडलंय आणि त्यावर एक माशी नाही? मटणाच्या दुकानात जाऊन बघा. मी ओघळाला हात लावला. डिंकासारखं चिकट, जिभेला लावलं तर तुरट. बिजाला घाव घातला की तो लाल रस गाळतो, हे मी ऐकून होतो. एवढा गाळतो, हे पाहिलं नव्हतं.

पण त्यानं निम्माच जीव भांड्यात पडला. ठसे तर माणसाचेच होते, आणि तो माणूस कुठं होता? नमुना सीलबंद केला, दुपट्टा मुद्देमालात घेतला आणि ज्यांनी ते पट्टे मारून घेतले होते, त्या संशोधनवाल्या बाईंना निरोप धाडला.

गावात चौकशी केली तर संशय रखवालदाराच्या साळ्यावर आला. तो दोन दिवस जंगलाकडे ये-जा करत होता आणि त्याच्या नखांत लाल होतं. त्याला ठाण्यात आणला. गडी ताकास तूर लागू देईना. "सरपण आणाले गेल्तो" याच्यापुढे सरकेना. मी कधी हात उगारत नसे. उगारलेल्या हाताला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो, खरं सांगत नाही. मी त्याला समोर बसवून त्याच्या खिशातल्या वस्तू टेबलावर मांडायला लावल्या. सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या खर्ऱ्याची पुडी, आगपेटी, बिड्यांचं बंडल.

"खर्रा खातोस?"

"हो जी."

"मग बिड्या कोणासाठी?"

आमच्याकडे खर्रा खाणारा बिडीच्या वाटेला क्वचित जातो. त्याचा चेहरा उतरला. बाहेर ओट्यावर त्याची बहीण बसलेली होती. तिच्याकडे बोट करून मी म्हटलं, "तिला काय सांगू? विधवा झालीस म्हणून सांगू?"

"नाई, नाई जी! जित्ता हाये भाऊजी," तो ओरडलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला घेऊन गेला. बहीणही निघाली. तिला थांबवणं माझ्याच्यानं झालं नाही. झाडापासून हाकेच्या अंतरावर नाल्याच्या कपारीत रखवालदार बसला होता. केस, दाढी, छाती, सगळं वाळलेल्या लालीनं माखलेलं. आमच्याकडे त्यानं बघितलंच नाही. नजर झाडावर. आम्ही जवळ गेलो तेव्हा इतकंच विचारलं, "थांबलं का जी?"

बायको पाठ फिरवून उभी राहिली. त्यांच्या गावची रीत अशी, की जित्या बिजाला ज्याच्या हातून घाव बसला, त्यानं ओघळ सुकेपर्यंत उंबऱ्याच्या आत यायचं नाही आणि घरच्या बाईनं त्याचं तोंड पाहायचं नाही. साळ्यानं भाकर पोचवायची, ओघळ सुकला का ते हात लावून पाहायचं, पण त्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही. पाठमोरीच ती म्हणाली, "जित्ते हाये ना? बस झालं." तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

मी रखवालदाराला विचारलं, "कुऱ्हाड का चालवली?"

"पट्टा काढाले जी. माझा बाप कूपात होता, मीबी होतो." कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला काढलेला जंगलाचा तुकडा. "पट्टा मारला का झाड गेलंच. देवाजवळचा बिजा कसा जाऊ देऊ? पट्टा धुतला तं निघेना, मंग साल काढली. अन् धावड्याले चुन्याचा मारून ठेवला, का साहेब लोकाईनं पट्टे मोजले तं भरले पाह्यजे."

तोवर संशोधनवाल्या बाई पोचल्या होत्या. "अहो, मी सांगितलं होतं ना, ही राखायची झाडं आहेत म्हणून?"

"तोडाच्या आधीबी साहेब लोक असंच सांगत बाई."

बाई झाडाजवळ गेल्या आणि त्यांनी सोललेल्या जागेवरून हात फिरवायला सुरुवात केली. बुंध्याला पूर्ण वळसा घालून हात जिथून निघाला तिथं परत आला, आणि त्या आमच्याकडे वळल्या. "सगळीकडून गोल सोललंय," त्या म्हणाल्या. "पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं. आता उतरणार नाही. एकदम मरणार नाही हो हे, पण वाचणारही नाही."

त्या पुढं सांगत राहिल्या, बहुधा स्वतःलाच. या खोऱ्यात उरलेले बाकीचे बिजे एकमेकांच्या जवळच्या नात्यातले. हा एकटा वेगळा होता.

"म्हणजे आमच्यावानीच," पाठमोरी बायको म्हणाली. "एका कुळात सोयरीक करत नाई. हा दुसऱ्या कुळाचा होता."

"होय," बाई म्हणाल्या. "एकाच कुळातली रोपं लावत गेलो आणि एखादा रोग आला, तर सगळी एकदम जातील."

रखवालदार उठला. मला वाटलं, पळतो की काय. तो माझ्यासमोर येऊन दोन्ही लाल हात पुढे करून उभा राहिला. "माझ्यावर खून लिहा साहेब."

खुनाचं कलम मला पाठ होतं, पण ते तिथं लागत नव्हतं. वनखात्यानं ताकीद देऊन विषय मिटवला, आम्ही मिसिंग बंद केली. ओघळ सुकला, तो घरी गेला. पुढच्या हंगामात तो बिजा असा फुलला, की जुन्या माणसांनीही तसा कधी पाहिला नव्हता. मग शेंगांनी फांद्या वाकल्या. बाई म्हणाल्या, मरणारं झाड असं करतं. रखवालदारानं खालची एकेक शेंग वेचली आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाडाला पान आलं नाही.

बाकीच्या झाडांना खूण कोणती करायची, हे बाईंनी या खेपेला रखवालदाराच्या बायकोला विचारलं. तिनं हिरव्या लुगड्याची पट्टी आणली, तिच्यात तांदूळ नि हळकुंड बांधलं आणि ती बुंध्याला बांधून पोटुशी बाईची भरतात तशी झाडाची ओटी भरली. ओटी भरलेलीवर कुऱ्हाड उचलणारा त्या मुलखात अजून जन्मायचाय.

नोकरीभर मी वाईट हेतूचा माग काढत फिरलो. त्या माणसाच्या मनात कणभर वाईट नव्हतं आणि त्यानं जिवापाड जपलेलंच स्वतःच्या हातानं मारलं. खूण करणाऱ्याला तिचा अर्थ ठाऊक असून भागत नाही. ज्याच्या दारात ती केली, त्याला तिचा काय अर्थ लागतो, हे आधी विचारावं लागतं.

निवृत्तीनंतर एकदा तिकडे गेलो होतो. बिजा अजून उभा आहे, वाळलेला, बुंध्यावर ते ठसे काळे पडलेले. सातभाई आजही तिथं येत नाहीत. रखवालदार रोपवाटिकेत त्याच झाडाच्या रोपांना पाणी घालत होता. मला बघून त्यानं हात धुतले, रामराम केला आणि मी नोकरीत असताना दरवेळी विचारायचा तेच विचारलं, "साहेब, माझा गुन्हा लिहिला का जी?"

तेव्हा मी विषय बदलला होता. आज इथं लिहिला.