तामसीच्या मास्तरांची कार्डं

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. प्रबंधात एका हंगामाची मापनं अडली, म्हणून मी दुसऱ्यांदा तामसीला निघाले. नागपूरहून पहाटेची बस, पांढरकवड्याला चहा, पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगूत, बोली मात्र मराठीच. आदिलाबादहून तामसीची बस मिळते, पण दुपारी फार ताटकळावं लागतं; सकाळीच पोचा.

दोन वर्षांपूर्वी तिथल्या शाळेच्या गच्चीवर वर्णपटमापक मांडून मी उपग्रहाची मापनं पडताळली होती. तेव्हा शाळेतल्या गंगाधर मास्तरांनी विचारलं होतं, "हे काय करून राह्यल्या, ताई?"

"उन्हाचे रंग वेगळे करते. मधल्या हवेनं कोणते रंग गिळले, त्यावरून तिच्यात काय आहे ते कळतं. ताऱ्यांमधला वायूही असाच ओळखतात."

"मंग आमी काय करू?"

मी सहज म्हटलं, समोरची टेकडी रोज दिसते का, ते लिहून पाठवा. मास्तरांनी वर्षभर पोस्टकार्डं पाठवली. 'आज टेकडी अर्धी. पराट्या जाळल्या.' पराट्या म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या; त्यांच्या धुरानं टेकडी झाकायची. माझे मार्गदर्शक हसले. मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही, आणि खोली सोडताना सगळी रद्दीत घातली.

पुढे त्याच वर्षातल्या एका हंगामाच्या उपग्रहाच्या मापनांत बिघाड दिसला. दोष उपकरणाचा की हवेतल्या धुराचा? सांगू शकली असती ती कार्डंच.

या खेपेला मास्तरांच्या घरी भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. जेवताना विचारलं, "तुमच्याकडं नक्कल आहे का?"

"नक्कल काऊन ठेवू? कार्डं तं तुमच्यापाशीच हायेत." मग विचारलं, "कामी आली का?"

त्यांच्या पत्नीचा वाढता हात थांबला. मी म्हटलं, "हो, खूप."

मास्तरांचा चेहरा उजळला. "आमी शाळेच्या पोराईले तेच तं सांगतो. आता पुन्हा लिवू का?"

खरं सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशीच पुन्हा टेकडी पाहायला गच्चीवर गेले असते. पण खोटं निभावायचं होतं; नवी कार्डं आली असती, तर जुन्यांची गोष्टही पुन्हा निघाली असती. म्हटलं, "आता गरज नाही."

"बरं," म्हणाले, आणि ठेचा पुढे सरकवला.

घरी येऊन तो हंगाम प्रबंधातून वगळला. पदवी मिळाली. त्या गाळलेल्या पानांचं आता काही वाटत नाही. कार्डं फेकली, ते तर अजाणता झालं. पण रोज आकाश पाहणाऱ्या माणसाला मी जाणूनबुजून थांबवलं.