परड्यातलं जळण

शिवाजी पेठेतल्या त्या बोळात निर्मलाच्या भाकरीला तोड नव्हती. पातळ, टम्म फुगलेली, कडेपर्यंत एकसारखी. नवरा मल्लिकार्जुन गेला आणि पोटासाठी तिनं खानावळींच्या भाकऱ्या थापायला घेतल्या, त्याला बारा वर्षं होत आली होती. सकाळी शंभर, संध्याकाळी साठ. पोरबाळ नव्हतं. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे चिडली की तोंडून कानडी यायची, पण चिडायची क्वचित.

खानावळवाल्यांना चुलीवरचीच भाकरी पाहिजे असे, म्हणून घरात पिठापेक्षा जळणाची काळजी जास्त. उन्हाळ्यात लालासाबच्या वखारीतून बाभळीची लाकडं यायची. कुऱ्हाड घेऊन ती स्वतः फोडायची आणि घरामागच्या परड्यात पत्र्याखाली रचायची. जाड लाकडं खाली, ढपल्या मध्ये, काटक्या वर. मनाजोगं रचून झालं की कमरेवर हात ठेवून जरा वेळ बघत उभी राहायची. दिवाळीपर्यंत चिंता नाही, एवढंच सुख तिला पुरायचं.

परडं दोन घरांत मिळून होतं. पलीकडे सयाजी, त्याची बायको प्रेरणा आणि सयाजीची आई. तिला सगळा बोळ आक्का म्हणायचा. मल्लिकार्जुन गेला तेव्हा निर्मला दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती. तिसऱ्या दिवशी आक्का पिठलं-भात घेऊन आली, पुढ्यात बसली आणि म्हणाली, "जेव निर्मले. तू जेवल्याबिगर मी उठत न्हाय." आणि खरंच उठली नाही. तेव्हापासून रोज सकाळी तव्यावरची एक मऊ भाकरी आक्काच्या ताटलीत जायची. आक्काला दमा होता. पावसाळा लागला की चुलीजवळच्या खाटेवर बसून ती श्वास ओढत राहायची.

अठ्ठ्याण्णव साली सयाजीचा शिरोलीतला कारखाना बंद पडला. भट्टीवर काम केलेला रांगडा गडी दिवसभर उंबऱ्यावर बसून राहू लागला. त्याच आषाढात निर्मलाला वाटायला लागलं, जळण लवकर सरतंय. आधी तिला आपलीच चूक वाटली. ओल्या हवेला जाळ जास्त लागतो, अशी तिनं मनाची समजूत घातली. मग एके दिवशी गेरू कालवून वरच्या लाकडांच्या टोकांना बोटानं ठिपके दिले.

चौथ्या दिवशी भाकरी घेऊन ती आक्काकडे गेली. प्रेरणा चहा ठेवत होती. चुलीतून बाहेर आलेल्या लाकडाच्या टोकाला लाल ठिपका होता. निर्मलानं भाकरी ठेवली, आक्काशी दोन शब्द बोलली आणि परतली. दुसऱ्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही.

"प्रेरणा, जळण पाहिजे असलं तर माग की गं. न इचारता नेऊ नगंस."

प्रेरणाचा चेहरा उतरला. "आमी न्हाय नेलं, काकी."

तेवढ्यात सयाजी बाहेर आला. "काय म्हणणं हाय तुमचं? आमी चोर हाय?"

"माझ्या लाकडाला गेरूचा ठिपका हाय, सयाजी."

"आता लाकडावर नावं घालायला लागलाय व्हय? उद्या पावसाच्या पाण्यावर बी घालशीला!"

त्याचा आवाज चढला, बोळ गोळा झाला. तालमीपाशी बसणारे दोघे-तिघे आले. "जाऊ द्या की काकी, दोन ढपल्यांसाठी कशाला तमाशा," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "एकट्या बाईला असं किती जळण लागतंय?" तिच्या हातच्या भाकऱ्या रोज खाणारा माणूस तो. निर्मला घरात आली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आक्काची भाकरी बंद झाली.

जळण जायचं काही बंद झालं नाही. उलट भीड मोडल्यावर जास्तच जायला लागलं. तिनं तारेनं बांधलं, तार कापली गेली. घरात आणून रचलं तर बसायला जागा उरेना, लाकडातले किडे पिठात पडायला लागले. दोन दिवसांत पुन्हा बाहेर नेऊन ठेवलं. वखारीत लालासाबजवळ तिनं गाऱ्हाणं केलं तेव्हा म्हातारा हसला. "लाकडात मिरची कोंबून ठेवा, वैनी. चूल पेटली की चोर आपणच बोंबलत भाईर येतोय," असं म्हणून तो गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानं थट्टा केली होती. निर्मलाला हसू आलं नाही.

दोन पोकळ लाकडं शोधून तिनं मूठ-मूठ लवंगी मिरची कोंबली, वरून चिखल लिंपला आणि सहज हात पडेल अशी वरच ठेवली. आक्काची खाट चुलीला लागूनच आहे, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं रोज जाणाऱ्या बाईला ते ठाऊक नसेल कसं? पण त्या घडीला डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, एकट्या बाईला असं किती जळण लागतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत असताना भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. आधी प्रेरणाचा, मग आक्काचा. आक्काचा खोकला एकदम थांबला आणि शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. निर्मला पिठाच्या हातांनीच धावली. घरातला धूर बोळात आला होता, डोळे उघडवत नव्हते. सयाजी आईला उचलून दारात उभा होता, आत प्रेरणा चुलीवर पाणी ओतत होती. निर्मला तशीच रस्त्यावर पळाली आणि रिक्षा घेऊन आली. दवाखान्यापर्यंत आक्काचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. आक्कानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं आणि श्वासासाठी धडपडत ती तिच्याकडेच बघत होती.

पाच दिवस नळी लावून ठेवली. आक्का घरी आली, पण खाटेवरून उठली नाही. श्रावण संपता संपता गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, दमा जुना, त्यात ही हवा. बोळही तेच म्हणाला. त्या दिवशीचा धूर चुलीत काहीतरी सांडून झाला असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिला.

आक्काचे दिवस झाल्यावर निर्मला परड्यात गेली. सयाजी एकटाच बसला होता.

"सयाजी, लाकडात मिरची मी भरलीती."

त्यानं मान वर केली नाही. "ठावं हाय. चुलीतली राख काढताना जळक्या मिरच्या घावल्या."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? लाकूड कुणाचं म्हणून इचारलं असतं तर?" त्यानं पायाजवळची काटकी उचलून मोडली. "आईला थंडी सोसंना. घमेल्यात निखारं घालून खाटंखाली ठेवत हुतो. मागितलं असतं तर तुमी दिलं असतं, काकी. पर घरात बसलेला बाप्या मी. भाकरी तुमची खायाची, वर जळण बी मागायचं..."

निर्मलानं विचारलं, "आक्काला कळलंतं?"

"न्हाय. निर्मला यायची का बंद झाली, तिला बरं न्हाय काय, बघून ये, म्हणायची." मग तो उठला. "प्रेरणाला यातलं काय सांगू नगा. चूल तिनं पेटवलीती."

निर्मलानं सांगितलं नाही. तेच तिला जन्माचं ओझं होऊन बसलं. सयाजी त्यानंतर तिच्याशी कधी बोलला नाही, पण प्रेरणा येऊ लागली. आपल्या हातून चोरी झाली, आपल्यामुळं काकी दुखावल्या, या भावनेनं ती पाणी भरून द्यायची, पिठाचे डबे उचलू लागायची. मग चुलीपुढे बसून आक्काच्या आठवणी काढायची आणि रडायची. "त्या दिशी कसला धूर झाला कुणाला ठावं, काकी. मी जरा लवकर इजवला असता तर..." असं दर चार दिवसांनी म्हणायची. निर्मला खाली बघून भाकरी थापत राहायची. एक-दोनदा शब्द ओठावर आले. पोरीचा चेहरा बघून तिनं गिळले.

दोन हजार तीन साली सयाजीला इचलकरंजीला काम मिळालं आणि बिऱ्हाड हललं. टेम्पोत सामान चढल्यावर प्रेरणा धावत आली आणि निर्मलाच्या पाया पडली. "आक्कांच्या मागं मला तुमीच हुता," ती म्हणाली.

निर्मलानं तिला उठवलं. "सुखानं ऱ्हावा," एवढंच तिच्या तोंडून निघालं. टेम्पो बोळाबाहेर वळेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत गेली. संध्याकाळच्या साठ भाकऱ्या व्हायच्या होत्या.