डॉक्टरांनी मला विचारलं होतं

“तिला पुढं कर. तिला इंग्लिश येतं.”

काका हे काकीच्या कानात म्हणाले, पण काकांची कुजबुज मानकोली नाक्यापर्यंत ऐकू जाते. मी आयसीयूबाहेर, पाण्याच्या कूलरपाशी उभी होते — ऐकलंच नाही असं दाखवत. त्यानंतरच्या दहा मिनिटांत मी जे केलं, ते मागच्या महिन्यापर्यंत मी कोणालाही सांगितलं नव्हतं. पाच वर्षं. आणि मागच्या महिन्यातही सांगितलं म्हणजे काय — ओकून टाकलं. तुम्हाला नीट सांगते. तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढं पुरेसं आहे.

हिंदी आमच्याकडे सगळ्यांना येते. भिवंडीत कोणाला येत नाही? काकांचा अर्धा दिवस गोडाउनवरच्या ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडण्यात जातो. पण त्यांचं ठाम मत होतं की हिंदीत बोललं तर डॉक्टर आपल्याला लूमवरचे कामगार समजतात आणि बाहेर बसवून ठेवतात. इंग्लिशमध्ये बोललं की पेशंटकडे नीट बघतात. म्हणून मी. कॉन्व्हेंटची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली, घरात जिला ‘मॅडम’ म्हणून हसायचे ती. माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी फारशी बोलायचेच नाही. बघायचे मात्र सगळं.

आत माझे आजोबा होते. आबा. जन्मभर भातशेती केली, आणि शेवटची काही वर्षं स्वतःच्या शेतावर उभी राहिलेली गोडाउनं बघत ओट्यावर बसून काढली. त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती, आणि ते आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं होतं. शेजारच्या गावातल्या त्यांच्या एका मित्राला शेवटी मशीनवर ठेवलं होतं. आबा त्याला बघून आले, ते दोन दिवस जेवले नाहीत. मग एका रविवारी, मटणाच्या जेवणानंतर, सगळे समोर असताना म्हणाले, “आयका. माज्या तोंडान नली नको. मना घरान मराचा हाय.”

पुढे काय झालं असेल? काकी म्हणाली, “शुभ बोला वो आबा, पोरांची लग्ना व्हवाची हायेत.” काका म्हणाले, “तुमाला शंभर वर्सा काय होत न्हाय,” आणि स्वतःच हसले. पप्पांनी क्रिकेटचा आवाज वाढवला. बस. एका माणसाने आपल्या मरणाबद्दल दोन वाक्यं बोलायचा प्रयत्न केला, आणि तीन धडधाकट माणसांनी त्याला असं गप्प केलं, जसं लहान मूल पाहुण्यांसमोर काहीतरी घाण बोललंय. मी त्यांना भित्रे म्हणायचे. मनातल्या मनात, अर्थात.

दोन दिवसांनी आबांनी मला ओट्यावर बोलावलं. “तू मदी बोलत न्हाय, म्हनून तुना सांगतंय.” मित्राने नळी ओढू नये म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. “गुरावानी बांदलेला,” आबा म्हणाले. आणि तोंडात नळी, म्हणून जाताना त्याच्या तोंडात पाणी घालता आलं नव्हतं. आमच्यात ते पाणी राहिलं तर माणूस तहानलेला गेला म्हणतात. आबांना मरणाची भीती नव्हती. त्या कोरड्या तोंडाची होती. “डॉक्टर तुजा आयकल. इंग्लिशमंदी सांग त्याला. सांगशील ना?”

मी हो म्हणाले. आणि त्या वेळी मला काय वाटलं, तेही सांगून टाकते — लाज वाटली. ‘इंग्लिशमंदी’! रस्त्यावरून कोणी ओळखीचं जात नाही ना, एवढं मी आधी बघितलं. मग हो म्हणाले.

तर कूलर. डॉक्टर बाहेर आले. काकांनी मला खांद्याला धरून पुढे सरकवलं. डॉक्टर इंग्लिशमध्ये, हळू बोलले, चांगल्या माणसासारखे. म्हणाले, आता त्यांना स्वतःहून श्वास घेणं फार वेळ जमणार नाही. मशीन लावता येईल, पण त्यावरून ते परत येतील असं वाटत नाही. आत्ता धापेमुळे त्यांना बोलवत नाही, पण त्यांनी याबद्दल आधी कधी काही सांगितलंय का? मशीन नको, घरी न्या — असं काही? सांगितलं असेल तर आजच घरी न्या. ऑक्सिजन देऊ, घुसमट कमी होईल असं औषध देऊ.

हा प्रश्न फक्त मला कळला. मागे काका, काकी, पप्पा — तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी “नो” म्हणाले.

आणि मागे वळून मराठीत सांगितलं, “मशीन लावू का, विचारतायत.”

“लावा म्हनावं! काय असंल ते सगला लावा!” काका गरजले. कॉरिडॉरमधल्या इतर पेशंटच्या नातेवाइकांनी माना वळवाव्यात, इतक्या जोरात. त्यांनी वळवल्याही. काकांना तेच हवं होतं.

का केलं मी असं? घाबरले, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आबांना पोरीने मारलं, असं गावभर झालं असतं. एकोणीस वर्षांची मुलगी, समोर तीन मोठी माणसं — कोणालाही पटेल. पण त्या घाबरण्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, जास्त घाण. मला वाटलं — घ्या. हाच तमाशा हवा होता ना तुम्हाला? घ्या मग. मी कशाला मध्ये पडू? मी त्यांना इतकं तुच्छ समजत होते की त्या तमाशात पलंगावर कोण असणार आहे, हे मी — नाही, विसरले नव्हते. विसरले असते तर बरं.

नळी घालायच्या आधी दोन मिनिटं आत जाऊन भेटून ये, असं डॉक्टर मला म्हणाले. मी गेले. आबा शुद्धीवर होते. ती दोन मिनिटं — थांबा, ती नंतर. आधी पुढचं सांगते, ते सोपं आहे.

अकरा दिवस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नळी ओढली, तेव्हा दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधले. काका येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काचेतून दाखवायचे, “एकदम लेटेस्ट मशीन हाय.” गोडाउन दाखवताना लावतात तोच आवाज. काकी बाटलीतून गंगाजल घेऊन आली. नर्सने तोंडात घालू दिलं नाही, तेव्हा तिने ते नळीला चोळलं. नळीला! मग डोळे टिपत बाहेर आली आणि दोन वडे खाल्ले. पप्पा पार्किंगमधून वर येतच नव्हते. मी हे सगळं बघत होते आणि एकेकाला मनात नावं ठेवत होते. त्यात वेळ बरा जायचा. आबा माझ्याकडे बघायचे, तेव्हा मी मॉनिटरकडे बघायचे.

बाराव्या दिवशी सकाळी ते गेले. ओठ फाटलेले, तोंड कोरडं.

आता मागचा महिना. काकांच्या छातीत दुखलं. किरकोळ निघालं, पण रविवारी सगळे त्यांना बघायला जमले, आणि काका सोफ्यावर लोडाला टेकून आपल्या मुलांना सांगायला लागले — मला उद्या काही झालं तर मशीनला बांधून ठेवू नका, सरळ घरी आणा. कोणी त्यांना ‘शुभ बोला’ म्हटलं नाही. काकी तर मान डोलवत होती. मग काका म्हणाले, “आबांनी असा कदी सांगून ठेवला असता, तर आपुन आयकला नसता का? पन तो मानूस शेवटपर्यंत बोललाच न्हाय.”

“हां ना,” पप्पा म्हणाले. “एक शब्द न्हाय.”

मला इतकी किळस आली की कान तापले. तुम्हाला वाटेल, तेव्हा हिला पश्चात्ताप झाला. नाही. मला त्यांना खोटं पाडायचं होतं, सगळ्यांसमोर. त्याच जोरावर मी बोलले — रविवार, मटण, क्रिकेट, कोण काय म्हणालं ते शब्दन् शब्द. अडखळले नाही. काकांचं तोंड बघून मला मजासुद्धा आली.

मग काकी म्हणाली, “येवरा ठाऊक व्हता, तर तू डॉक्टरला का न्हाय सांगलास, मॅडम?”

टोमणाच होता. पण प्रश्न बरोबर होता. आणि तिथे गप्प बसणं मला सहज जमलं असतं — तेच तर मला येतं.

“डॉक्टरांनी मला विचारलं होतं,” मी म्हणाले. “मी नाही म्हणून सांगितलं. मग आत गेले. आबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, ‘सांगलास?’ मी मान हलवली. हो म्हणून. त्यांनी माझा हात थोपटला आणि डोळे मिटले.”