उल्हासचं आइसफ्रूट

उल्हास गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी गोव्यातल्या साखळी गावात, अकरावीच्या वर्गात, मागणी-पुरवठ्याचा आलेख काढत होतो. फोन खिशात ठेवला, दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथं टिंब दिलं आणि मगच पेडण्याला, त्याच्या घरी निघालो. लोक याला धीर म्हणाले. खरं सांगायचं तर त्या क्षणीही मनात त्याच्याबद्दलची जुनी अढी होती... आज दीड महिन्यानंतरही ती पुरती गेलेली नाही.

बावीस वर्षं मी अर्थशास्त्र शिकवतो. बालमित्र उल्हास प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवायचा. टक्केवारी काढायची झाली तर मला विचारायचा. त्याच उल्हासनं मुलांना अर्थशास्त्र समजावं म्हणून सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक काढलं, आणि गोष्ट घेतली ती माझी. लहानपणी मे महिन्यात आम्ही काजूबिया गोळा करायचो. सायकलवरून आइसफ्रूटवाला यायचा. दहा बिया दिल्या की काडीवरचं एक गारेगार आइसफ्रूट. उल्हास मिळालेल्या बिया त्याच दिवशी उडवायचा. मी एका वर्षी सगळ्या वाळवून ठेवल्या, कारण पुढं भाव चढतो हे मला तेव्हाच कळलं होतं. चढलाही. माझ्या गौरीला ही गोष्ट बचतीचा धडा म्हणून मी किमान पाच वेळा सांगितली असेल. दर वेळी तिनं जांभई दिली.

उल्हासनं शेवट बदलला. त्याच्या पुस्तकातला मुलगा भरलेली पिशवी घेऊन रस्त्यावर येतो, तोवर पावसाळा लागलेला असतो आणि आइसफ्रूटवाला यायचा बंद झालेला असतो. छापण्याआधी त्यानं आकडे तपासायला मला दिले. एकही चूक सापडली नाही, याचाच राग आला.

"असं झालं नव्हतं. मला चांगला भाव मिळाला होता," मी म्हणालो.

"गावलो रे भाव," तो हसला, "पण आइसफ्रूट खंय खाल्लंस तू?"

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो आमच्या वाचनालयात ते पुस्तक वाचून दाखवायला यायचा. गौरी त्याला टेकून बसायची आणि घरी येऊन मला शिकवायची, "बाबा, थांबायचीपण किंमत असते, माहितीय?" मला! आमच्या पाठ्यपुस्तकात त्याला चांगलं लांबलचक नाव आहे.

गेल्या शनिवारी त्याच्या जागी वाचायला मला बोलावलं. शेवटचं पान आलं. मी समजावून सांगणार, एवढ्यात गौरीनं चित्रातल्या मुलाच्या मोठाल्या कानांवर बोट ठेवलं.

"बाबा, हे तुम्ही?"

"हो."

मुलं पुढं सरकली.

"मग काकांनी तुम्हाला आपल्यातलं दिलं नाय?" एका मुलानं विचारलं.

"देत होता. मी घेतलं नाही. माझ्याकडं बिया असताना दुसऱ्याचं फुकट कसं खायचं, असं वाटलं."

"कसलं होतं?"

"लाल. त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं."

"आणि लागायचं कसं?"

एवढी मुलं माझ्याकडं अशी पहिल्यांदाच बघत होती... आणि नेमकं ते मला सांगता येईना. आधीच्या वर्षांची चव केव्हाच विसरलो होतो आणि त्या वर्षी तर मी एकही खाल्लं नव्हतं. पुढच्या वर्षापासून तो सायकलवाला आलाच नाही.

"ते उल्हासकाकाला ठाऊक," मी म्हणालो.

गौरीनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि त्यानं रंगवलेलं आइसफ्रूट शोधायला ती मागची पानं उलटू लागली.