आधी कॉलर

कारखान्यात तिला सगळ्या कॉलरबाई म्हणत. घरी हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. घरी, नात्यात, जिन्यावरच्या बायकांत ती "शर्टांच्या कारखान्यात शिवणारी" होती, आणि तिने ते तसंच राहू दिलं होतं. खोटं असं तिने काही सांगितलं नव्हतं. शर्टच शिवायची ती, फक्त प्रत्येक शर्टाची कॉलर तेवढी. कापलेल्या कॉलरींचे गठ्ठे तिच्यापुढे यायचे. ती आत बुक्रमचं ताठ कापड घालायची, उलट बाजूने टीप मारायची, कोपरे छाटायची, कॉलर उलटवून टोकं काढायची, वरून पुन्हा टीप घालायची आणि गठ्ठा पुढे सरकवायची. पुढे बाहीवाली होती, तिच्या पुढे काजवाली आणि बटणवाली. पाठ कशी कापतात, बाही मुंढ्यात कशी बसवतात, हे ती मान वर झाली की बघायची. पण मान वर करायला सवड कुणाला होती?

नोकरी संपत आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या गप्पा एकाच विषयावर यायच्या: घरी बसल्यावर काय काय शिवायचं. कॉलरबाईचं सगळं ठरलेलं होतं. आधी उशांचे अभ्रे, कारण चार सरळ टिपा मारल्या की झालं. मग स्वयंपाकघराचा पडदा. मग स्वतःला दोन खिशांचा गाऊन, कारण तयार गाऊनला खिसा ठेवावा असं कुणा शहाण्याला सुचत नाही. आणि हात बसला की सगळ्यांत शेवटी नवऱ्याला एक अख्खा शर्ट. बटणवाली म्हणायची, तुझा नवरा नुसती कॉलर घालून हिंडणार बघ. बायका पोट धरून हसायच्या. ती सुद्धा हसायची.

ती घरी बसली आणि वर्ष सरायच्या आत नवऱ्याला झटका आला.

जीव वाचला. पाय फरफटत का होईना, चालू लागला. पण बोलणं जड झालं, आणि डावा हात कोपरात मुडपून छातीशी चिकटला तो तिथेच राहिला. बसून बसून पोट सुटलं, जुने शर्ट बटणापर्यंत येईनात, आणि आले तरी तो हात कुठल्याच बाहीत शिरेना. दवाखान्याजवळच्या दुकानातून पाठीमागे बंद बांधायचे झबल्यासारखे दोन सदरे आणले होते. ते घालून तो खाटेवर बसे. दाराची घंटा वाजली की तोंड भिंतीकडे करी.

हा माणूस सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे बसला होता. लोकांना तो छातीपासून वरच दिसायचा. त्यामुळे पँट कशीही असो, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा, निळ्या बारीक रेघांचा, गळ्यापर्यंत बटण लावलेला. तिच्या नणंदेची जुनी थट्टा होती, दादाच्या तब्येतीची चौकशी करायची तर आधी कॉलर बघावी.

शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या त्याच्या मित्राचा फोन आला तो या सगळ्यानंतर. तो निवृत्त होत होता, पुढच्या शुक्रवारी निरोपाचा कार्यक्रम होता. तू आल्याशिवाय मी हार घालून घेणार नाही, म्हणाला, गाडी पाठवतो, जिन्यावरून उचलून नेतो. नवऱ्याने फोन कानाला धरून ठेवला होता. नेहमी असा फोन आला की तो मानेनेच नकार द्यायचा आणि मग तिला काहीतरी सबब सांगावी लागायची. या वेळी त्याने मान हलवली नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ शब्द जुळवत राहिला आणि म्हणाला, "शर्ट असला, तर."

तिला तेवढं पुरे होतं. तो एकदा खाली उतरला की पुन्हा उतरेल, बाकावर बसेल, चार माणसांशी बोलेल. नाही उतरला, तर ही खाट, ही भिंत आणि ती. डॉक्टरांनीही वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं होतं.

नणंद पलीकडच्याच गल्लीत राहायची. तिचं म्हणणं पडलं, शिंप्याला बोलवावं. पण परक्या माणसाने टेप घेऊन त्या हाताभोवती फिरावं हे नवऱ्याला नको होतं. मग नणंदच म्हणाली, "आणि शिंपी कशाला लागतो? घरात एवढी कारखान्यातली बाई बसलीय. जन्मभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना शर्ट घातलेस वहिनी, आता आपल्याला घाल."

खरं सांगायची वेळ होती ती. ती म्हणाली, "बघते."

दुसऱ्या दिवशी दोघी कापड घ्यायला गेल्या. नमुन्याला तिने त्याचा जुना शर्ट पिशवीत घेतला होता. पहिल्या दोन दुकानांत रेघा होत्या, पण जाड. तिसऱ्या दुकानदाराने शिडीवर चढून वरच्या फळीवरून एक तागा काढला, गादीवर आपटून उलगडला, आणि तीच बारीक निळी रेघ समोर आली. तागा संपत आला होता. उरलं होतं ते सगळं उलगडून त्याने मापलं आणि विचारलं, माणूस अंगाने कसा आहे. नणंद म्हणाली, आधी बरा होता, आता पोटावर गेलाय. दुकानदार हसला. म्हणाला, पन्हा मोठा आहे, नीट बेतून कापलंत तर पुरेल, चुकलात तर नाही, याच्यातलं पुन्हा येणार नाही.

"तिला काय सांगताय?" नणंद म्हणाली. "शर्टांच्या कारखान्यात होती ती."

दुकानदाराचा सूरच बदलला. त्याने कापड तिच्याकडे सरकवलं. तिने दोन बोटांत धरून चोळलं, उजेडाकडे नेलं, एक कोपरा दुमडून रेघ टोकाशी कशी येईल ते बघितलं. हे तिला खरोखर येत होतं. दुकानातली आणखी एक गिऱ्हाईक बाई आपल्या हातातलं कापड घेऊन तिच्याजवळ आली आणि हे टिकेल का विचारू लागली. तिने सांगितलंही. परत येताना ती भराभर चालत होती. नणंदेला सांगत होती, डाव्या बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत फट ठेवायची, टिचबटणं लावायची, म्हणजे हात घालायचा नाही, हातावर बाही ठेवायची आणि वरून बंद करायची. कल्पना चांगली होती. नणंद म्हणाली, असं तर शिंप्यालाही सुचलं नसतं.

दुपारी नवरा झोपल्यावर तिने जमीन दोनदा पुसली आणि कापड पसरलं. जुन्या शर्टावरून वर्तमानपत्राचे कागद कापून ठेवले होते, पोटाला सगळीकडून चार बोटं वाढवून. कात्री हातात घेतली, आणि पुढची गोष्ट अशी घडली की तिला ती घडताना कळलीच नाही. तिने आधी कॉलर कापली.

विचार करून नाही. शर्ट म्हटला की तिच्या हाताला आधी कॉलर आठवायची, बस. आणि कॉलर म्हटली की दोन्ही टोकांना रेघ सारखी यायला हवी. त्यासाठी कापड कुठे स्वच्छ आहे, रेघ कुठे सरळ आहे ते तिने नीट पारखलं, आणि बरोबर मधोमध, सगळ्यांत चांगल्या जागी, कॉलरीचे दोन तुकडे कापले. त्याला लागूनच गळपट्टी. मग कफ. कात्री अशी चालली की तिलाच समाधान वाटलं. मग तिने पाठीचा कागद उचलला आणि कापडावर ठेवला.

तो बसेना. मधल्या भोकाच्या अलीकडे ठेवला तर खालून वीतभर बाहेर, पलीकडे ठेवला तर तेच. आडवा केला तर रेघा आडव्या. पुढच्या भागांचे कागद ठेवून बघितले, तेही बसेनात. कारखान्यात मोठे तुकडे आधी कापतात आणि कॉलरी उरलेल्या चिंध्यांतून काढतात, हे तिला आत्ता आठवलं. कटिंग मास्तर रोज तिच्यासमोरून जायचा. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. पण तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती उठली, मशीनवर बसली आणि कॉलर शिवली. दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. कॉलर मात्र अशी झाली की बोट लावलं तर टोक टोचावं.

ती दुकानात परत गेली. दुकानदाराने तिला ओळखलं, खुर्ची दिली, आणि नाही म्हणून सांगितलं. तो तागा संपला. तिने कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. येताना ती नणंदेकडे गेली आणि पिशवीतून भोक पडलेलं कापड काढून तिच्यापुढे ठेवलं.

नणंदेला आधी समजेचना. म्हणाली, उंदराने कुरतडलं की काय?

"मी तिथे फक्त कॉलरी शिवायचे, वन्सं," ती म्हणाली. "इतकी वर्षं. अख्खा शर्ट मी कधी शिवला नाही."

नणंद हसली. तिला आवरेचना. पदर तोंडाशी धरून हसली, आणि मग वहिनीच्या तोंडाकडे बघून थांबली. "अगं मग बोलायचंस ना," ती हळू म्हणाली. मग जरा वेळाने, "दादाला माहीत आहे?"

त्यालाही माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं. शर्ट कारखान्यात होतात एवढं त्याला पुरेसं होतं, जसं पत्रं पोस्टातून जातात एवढं तिला पुरेसं होतं.

नणंदेने मग कंबर कसली. तिचं म्हणणं, पांढरं कापड घ्यावं, त्यालाच ही रेघांची कॉलर आणि कफ लावावेत, लोक तर मुद्दाम शिवून घेतात असं. पांढरं कापड भरपूर आणलं, चुकलं तरी पुरेल इतकं. या वेळी तिने पाठ आधी कापली. पाठ झाली, पुढचे भाग झाले. बाही मात्र मुंढ्यात बसेना. एकदा बाही मोठी झाली, उसवली, कापली, तर लहान झाली. बाहीवालीला फोन करावा असं तिच्या मनात आलं, पण बाहीवाली मुलाकडे गेली होती आणि नवा नंबर कुणाकडे नव्हता. बटणवाली या जगात नव्हती. नणंद शेजारी बसून टिचबटणं लावत होती.

शुक्रवारी शर्ट तयार होता. दोघींनी मिळून त्याला घातला. डाव्या हातावर बाही ठेवली, वरून एकेक टिचबटण दाबलं, आणि तेवढं तिने योजलं होतं तसं झालं. हात दुखला नाही. नवऱ्याने मान वर केली, तिने गळ्याचं बटण लावलं. मग तो कपाटाच्या आरशापुढे उभा राहिला.

कॉलर गळ्याशी ताठ उभी होती, दोन्ही टोकांना रेघ सारखी. तिच्याखाली शर्ट खांद्यावर गोळा झाला होता, उजवी बाही काखेत ओढत होती, पोटावर पुढची पट्टी वर चढली होती आणि पाठीला पोतं बांधल्यासारखा फुगा आला होता. नणंद म्हणाली, बसल्यावर कळणार नाही रे दादा, वर शाल घे. तो आरशात बघत राहिला. त्याला सगळं दिसत होतं. खिडकीमागे बसून त्याने आयुष्यभर माणसांचे शर्टच तर बघितले होते.

"कॉलर छान आहे," तो म्हणाला. शब्द स्वच्छ आले, बऱ्याच दिवसांत आले नव्हते असे.

"अहो, घाला ना," ती म्हणाली. "एकदाच. पुढचा मी नीट शिवेन."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्याने उजव्या हाताने गळ्याचं बटण चाचपलं. एका हाताने ते निघेना.

"काढ," तो म्हणाला.

नणंद खाली गेली. काय सांगितलं ते तिने वर येऊन सांगितलं नाही. गाडी गेल्याचा आवाज मात्र तिघांनी ऐकला. नवऱ्याने झबलं घातलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. रात्री मित्राचा फोन आला तेव्हा तो झोपला आहे असं तिने सांगितलं. तो जागा होता.

त्यानंतर कुणी बोलावलं नाही असं नाही, पण त्याने पुन्हा शर्टाचं नाव काढलं नाही. पांढरा शर्ट तिने उसवायला घेतला आणि अर्ध्यावर ठेवून दिला. कुणाच्या मापाने आणि कुठे जायला पुन्हा शिवायचा, हे तिला सांगता आलं नसतं. नणंद येई, इकडचं तिकडचं बोले आणि वहिनी शिवते असं आता कुणाला सांगत नसे.

भोकाचं रेघांचं कापड खुर्चीवर पडून होतं. एका दुपारी तिने ते उचललं, भोकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा तुकडा कापला, जोडला, आणि उशीचा अभ्रा शिवला. चार सरळ टिपा. कधीकाळी तिथूनच सुरुवात करायचं ठरलं होतं. अभ्रा चांगला झाला, रेघाही जुळल्या. तिने तो नवऱ्याच्या उशीला चढवला आणि उशी त्याच्या डोक्याखाली सारली.

त्याने गाल टेकला, मग डोकं उचललं. डोळ्यांसमोर बारीक निळी रेघ होती. तो त्या रेघेकडे बघत राहिला, आणि मग चांगल्या हाताने, बराच खटाटोप करून, त्याने उशी उलटी केली. दुसऱ्या बाजूलाही रेघाच होत्या.