हळदीकुंकवाला या, येताना रिकामी बाटली आणा

आमच्या बोळात एका महिन्यात जेवढी औषधं संपली, तेवढी एखाद्या मोठ्या साथीतही संपली नसती. आणि त्या महिन्यात बोळातल्या एकाही माणसाला साधी शिंक आली नव्हती. हे सगळं मी एकटीनं केलं. तेव्हा मी पंचविशीत होते, मॅट्रिक झाले होते आणि लोकांना मदत करायची मला फार हौस होती. (माणसाला डांग्या खोकला परवडतो, अशी हौस परवडत नाही.)

माझे धाकटे दीर माधवभाऊजी पीएच.डी. करत होते. विषय होता 'विकसनशील देशांतील आरोग्य, औषधे आणि व्यापार'. आम्ही राहायचो गुलमंडी बाजाराच्या मागच्या एका बोळात. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागे, एवढा तो ऐसपैस! तिथं ओसरीवर बसून भाऊजी साऱ्या विकसनशील देशांची काळजी वाहत. पाच वर्षं झाली, देश काही विकसित होईनात आणि प्रबंधही संपेना. सासूबाई कुठलाही काळ अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनपासून मोजायच्या. त्या म्हणायच्या, "सबंद ॲक्शन पाच दिवसांत उरकली, अन् ह्याचं बाड पाच वर्षांत उरकंना व्हय!"

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. भाऊजींची कुसुमशी सुपारी फुटली होती. पण मुलीच्या वडिलांनी अट घातली होती: "नावाम्होरं डॉक्टर लागू द्या, मग अक्षता टाकू. उन्हाळ्यापतोर वाट बघतो. न्हाई तर दुसरं स्थळ दारात उभं हाय." आणि भाऊजी तर असे गुंतलेले, की टिपणवहीच्या समासात औषधांच्या नावांपेक्षा 'कु' हे अक्षर जास्त वेळा काढलेलं असायचं.

प्रबंधात शेवटचं एकच काम उरलं होतं. बोळातल्या बारा घरांत महिन्याभरात कोणकोणती औषधं संपतात, त्यातलं परदेशी कंपनीचं किती, देशी किती, वैद्याचं किती, हकिमाचं किती, हे पाहायचं. भाऊजींनी युक्ती काढली. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या मी बारा पिशव्या शिवल्या आणि भाऊजींनी घरोघर एकेक दिली. "काकू, जे औषध संपेल त्याची बाटली, डबी, पुडीचा कागद, सगळं ह्यात टाकायचं. बाकी काही करायचं नाही."

बाकी काही न करणं हे आमच्या बोळाला जमण्यातलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी भाऊजींनी पिशव्या पाहिल्या. शेजारच्या रुक्मिणकाकूंच्या पिशवीत लसूण होता. "एवढी गुणाची पिशवी, मोकळी कामून ठिवू?" समोरच्या रझियाआपांच्या पिशवीत चहापत्ती. "बहोत अच्छी थैली हैना माधवभाई! और एक रहेंगी तो देव." बाकीच्या पिशव्या रिकाम्या. बाराव्या पिशवीत एक बाटली सापडली, ती आमची, आणि तीही शाईची.

"वहिनी," भाऊजी ओसरीवर मटकन बसले, "बोळात औषध संपतच नाही! मग व्यापार कसला लिहू? आता कुसुमच्या वडिलांना काय सांगू?"

तो चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या. मी बघते."

(ह्या शेवटच्या दोन शब्दांनी आमच्या घराचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं उंदरांनीही केलं नसेल.)

दिवस संक्रांतीनंतरचे होते. मी लगेच, भाऊजींना न सांगता, हळदीकुंकू काढलं आणि प्रत्येक घरी निरोप दिला: "हळदीकुंकवाला या. येताना औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणा. भाऊजींचं लग्न अडलंय."

आता तुम्हीच सांगा, लग्न अडलंय म्हटल्यावर कोण बाई मागं राहील? आणि हळदीकुंकवात शेजारणीपेक्षा कमी आणून मान खाली कोण घालील? रुक्मिणकाकू तीन बाटल्या घेऊन निघाल्या होत्या. दारात त्यांना रझियाआपांच्या हातात पाच दिसल्या. काकू तशाच माघारी फिरल्या आणि आठ घेऊन आल्या, त्यातल्या दोनांतलं तेल अजून निथळत होतं. मग आपांनी भाचीला हकिमाकडं पिटाळलं आणि पुडीचे कागद मोजून एक ओंजळ आणवले. मीसुद्धा काही कमी नाही. माझी माहेरची माणसं गंगापूरकडची. मी भावजयीला चिठ्ठी धाडली, तिनं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर गाठोडंच पाठवलं. उघडून बघायला वेळ कुणाला होता? बाटल्या जिच्या तिच्या पिशवीत जाणार, आणि आमची पिशवी सगळ्यांत मोठी दिसली पाहिजे! सगळं आत कोंबलं आणि वर पायानं दाबलं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. "सुशे, ओटी खनानारळानं भरत्यात. बाटल्यांनी भरायची ही कुठली रीत काढलीस?"

"आत्या, विकसनशील देशांत असंच असतं," मी म्हटलं.

महिन्याच्या शेवटी भाऊजींनी पिशव्या उघडल्या आणि त्यांना आनंदानं घाम फुटला. ते सायकलवर टांग टाकून थेट आपल्या सरांकडं गेले. सर म्हणजे त्यांचे मार्गदर्शक. काटकुळे, अबोल गृहस्थ. दिसेल ते वहीत लिहून घ्यायचे. भाऊजी संध्याकाळी परत आले ते उड्या मारतच. "वहिनी, सर थक्क झाले! म्हणाले, एवढ्या औषधांवर जगणारी माणसं मला प्रत्यक्ष बघायचीत. शनिवारी येतायत!"

माझ्या हातातलं लाटणं पडलं. सर येणार, आणि त्यांना काय दिसणार? मिरच्या कांडणाऱ्या, एका दमात दोन हंडे पाणी आणणाऱ्या ठणठणीत बारा बाया! भाऊजींना खरं सांगावं, तर ते सरांना खरं सांगणार. (त्यांच्यात तेवढा एकच अवगुण होता.) मग प्रबंध गेला, उन्हाळा गेला आणि कुसुमही गेली.

मग मी शुक्रवारी दुपारी, भाऊजी घरात नाहीत असं बघून, बायांची बैठक बोलावली आणि आजार वाटले.

"बी.पी. मला," रुक्मिणकाकू सगळ्यांच्या आधी म्हणाल्या. बी.पी. तेव्हा नुकतंच आमच्याकडं आलं होतं आणि ते फक्त बंगल्यात राहणाऱ्यांना होतं, असा समज होता.

"वाह जी! आपकू बी.पी. और मेरेकू क्या खुजली?" रझियाआपा उसळल्या.

"दोघींना होऊ शकतं," मी तोडगा काढला.

"मंग माझं जास्त धर," काकू म्हणाल्या.

सांधेदुखी, दमा, कावीळ, सगळं पटापट उचललं गेलं. शेवटी आपा दम्यावर राजी झाल्या. "मैं खाँसती ना! कित्ता जोर से खाँसना सो बोलो." खरूज मात्र कुणी घेईना. मग यजमानीण बाईनं उरलंसुरलं खायचं असतं, तशी ती माझ्या वाट्याला आली.

शनिवारी भाऊजी सरांना घेऊन आले. बोळाच्या तोंडापासूनच रझियाआपांचा खोकला ऐकू येत होता; इतका मनापासून, की रस्त्यावरचा टांगेवाला थांबून "पानी पिलाव उनकू!" म्हणून ओरडला. आमच्या ओसरीवर सासूबाई वाकळ पांघरून पडलेल्या.

"आई!" भाऊजी घाबरेघुबरे झाले. "सकाळी तर तू भाकऱ्या थापत होतीस!"

"सकाळ गेली ती बाबा," सासूबाई कण्हल्या. मग वाकळीतून तोंड काढून मला म्हणाल्या, "दूध उतू चाललंय, कान फुटलं का तुझं?" आणि परत आत गेल्या.

सरांनी आमची पिशवी मागितली, चटईवर उपडी केली आणि एकेक बाटली उचलून लिहू लागले. मी हात खाजवत उभी. अचानक त्यांनी एक भली थोरली बाटली वर धरली. गंगापूरच्या गाठोड्यातली. तिच्यावर म्हशीचं चित्र होतं. चांगलं शिंगांसकट!

"गुरांच्या पोटफुगीवर," सरांनी वाचलं. "हे घरात कुणी घेतलं?"

आपांचा खोकलासुद्धा थांबला. भाऊजींकडं बघितलं, तर त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला होता. आता काय सांगावं? म्हैस म्हणावी, तर आमच्या बोळात म्हैस वळायलाही जागा नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं कुसुम दुसऱ्याच मांडवात उभी राहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी!"

सरांनी चष्मा पुसला. "तुम्ही? ह्यावर लिहिलंय, एका वेळी अर्धी बाटली. बांबूच्या नळकांड्यातून."

"हो, तशीच घेतली."

"पाजली कुणी?"

"म्या," वाकळीतून आवाज आला. "दोघींनी धरली हिला, मंग गेलं पोटात."

"गुण आला?"

"आला की," सासूबाई म्हणाल्या. "तवापासून जरा रवंथ करती, पन स्वभाव गरीब झाला."

सरांनी हे सगळं लिहून घेतलं! जराही न हसता. (ह्या वयात मला हसू येतं. त्या दिवशी मी मान हलवून 'हो हो' करत होते आणि खरंच थोडी म्हशीसारखीच दिसत असणार.)

इथंच ते उठून गेले असते, तर माझी खरूज जिंकली असती. पण आजाऱ्याच्या घरून पाहुणा चहा न घेता जातो म्हणजे काय? सर रुक्मिणकाकूंकडं गेले. काकूंनी बी.पी.साठी टाकलेल्या बाजेवरून उडी मारली आणि भजी तळायला घेतली. पुढच्या घरी तिळाचे लाडू. त्याच्या पुढं कावीळवालीचे पोहे. आपांनी खोकला तात्पुरता बाजूला ठेवून शीरखुर्मा काढला. "ईद का नै तो क्या हुआ, मेहमान तो आये!" आणि बारा घरांत बारा चहा, प्रत्येकात साखर आधीच्यापेक्षा जास्त. सर नाही म्हणायचे, आणि बशी पुढं सरकायची.

बाराव्या चहानंतर सर पोट धरून आमच्या ओसरीवर येऊन टेकले. चेहरा पिवळा. "जरा... जळजळ होतेय," ते कसंबसं म्हणाले. "कुणाकडे एखादी गोळी असेल का?"

आणि मग बोळ धावला! सगळे आजारी. सांधेदुखी सगळ्यांच्या पुढं! कुणी देव्हाऱ्यातून चार गोळ्या आणल्या, कुणी पदराच्या गाठीतून दोन, कुणी डाळीच्या डब्यातून अर्धी बाटली. हकिमाच्या पुड्या, वैद्याचं चूर्ण, कसलंसं परदेशी सरबत, सगळं अर्धंमुर्धं. "हे घ्या, माझ्या दिराच्या पोटाला लागू पडलं होतं!" "ते नका घेऊ, ते कानाचं हाय!" एवढ्यात सासूबाईंनी वाकळ फेकून दिली, तरातरा आत गेल्या आणि ओवा-मीठ आणून सरांच्या हातावर ठेवलं.

सरांनी ओवा चावला आणि समोरचा ढीग बघत राहिले. "ही सगळी औषधं घरांत होती? मग पिशवीत का नव्हती?"

"संपलेलं टाका म्हनला ना पोरगा," सासूबाई म्हणाल्या. "ही कुठं संपल्यात? बरं वाटलं की ठिवून द्यायची. उद्या दुसऱ्या कुणाला लागत्यात."

"ह्या गोळ्या कुठून आल्या?"

"आपांनी दिल्या, मी त्यांना लोणचं दिलं होतं तवा," काकू म्हणाल्या.

"मेरेकू मेरी बहन भेजी."

सरांनी पोटावरचा हात काढला आणि वही उघडली. मग एकदम थांबले. "पण मग पिशव्यांतल्या बाटल्या कुणाच्या?"

बारा बायांनी माझ्याकडं बघितलं. मी थोडा वेळ खाजवून पाहिलं, पण आता त्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. हळदीकुंकू, गाठोडं, आजारांची वाटणी, सगळं. भाऊजी डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

"सर, चूक माझी आहे," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचं लग्न मोडू नका!"

सरांना एक मोठा ढेकर आला आणि चेहऱ्याला पहिल्यांदा माणसाचा रंग आला. "माधवराव, त्या पिशव्या टाकून द्या. पाच वर्षं तुम्ही दुकानातला खप मोजताय, आणि खरा व्यापार ह्या ओसऱ्यांवर चाललाय. आता ह्या बायांना विचारा, कुणी कुणाला काय दिलं आणि बदल्यात काय घेतलं. शेवटचं प्रकरण नव्यानं लिहा. आणि हे बघा, ह्या वहिनींना मदतीला घेऊ नका."

प्रकरण लिहायला उन्हाळा गेलाच. कुसुमचे वडील तणतणले, पण कुसुम बापाला म्हणाली म्हणे, "थांबायचं मला हाय, तुमचं काय जातंय?" भाऊजी दिवाळीनंतर डॉक्टर झाले आणि तुळशीच्या लग्नापाठोपाठ त्यांचंही लागलं. मला मांडवात अक्षता वाटायचं काम मिळालं, तेही सासूबाईंच्या नजरेखाली.

तो जाडजूड प्रबंध अजून घरात आहे. नातवंडांना मी तो कौतुकानं दाखवते. कारण त्यात आख्ख्या बोळाचे नुसते आकडे झालेत. रुक्मिणकाकू आकडा, रझियाआपा आकडा, सासूबाईसुद्धा आकडा. स्वतंत्र तळटीप मिळाली ती फक्त मला: 'एका महिलेने स्वतःच्या प्रकृतीविषयी दिलेली माहिती कोणत्याही मनुष्यमात्रास लागू पडत नसल्याने वगळण्यात आली आहे.'